सोमलिंगाला वळसा

व्याही घरी आले की माणसाने पोहे खावेत, हवेबद्दल बोलावं आणि उरलेला वेळ गप्प बसावं. यातलं पोहे खाणं मला जमतं. गप्प राहणं कसंबसं जमतं. बसणं मात्र अजिबात जमत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

कॉलेजच्या कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून माझ्या पायाला भिंगरी लागलेली आहे. पेपर मी उभ्याने वाचतो. चहा गॅलरीत सुरू करतो आणि स्वयंपाकघरात संपवतो. आमची प्रभा म्हणते, "अहो, तुम्ही फिरताय की घर फिरतंय, तेच कळेना झालंय. बसा की जरा!" त्यात उर्वीचं लग्न ठरलं. उर्वी आमची एकुलती एक, नोकरीला पुण्यात. मुलगा राजस, तोही पुण्याचा. सालस, हसरा, नाव ठेवायला जागा नाही. त्यामुळे नावं ठेवण्याची माझी सगळी शक्ती शिल्लक राहिली आणि ती पायात उतरली.

तर राजसचे आईवडील, सुबोधराव आणि वैदेहीताई, बोलणी करायला सोलापुरात आले. मानपान नव्हता, देणंघेणं नव्हतं. प्रश्न एकच होता, लग्न कुठे? सुबोधराव म्हणाले, पुण्यात. त्यांची सगळी मंडळी तिथली, कार्यालय ओळखीचं, पार्किंग प्रशस्त. पार्किंगवर ते बराच वेळ बोलले. प्रभा पदराशी चाळा करत इतकंच म्हणाली, "आमचं आपलं वाटत होतं, पोर आपल्या दारातनं निघावी." आणि पोहे आणायला आत गेली. इतक्या वर्षांच्या संसारात मला एक गोष्ट कळलेली आहे. प्रभाने काही एकदाच म्हटलं की ते तिला फार हवं असतं. नको असलेल्या गोष्टींबद्दल ती दिवसभर बोलू शकते.

मी तिथेच विषय धरून ठेवायला हवा होता. पण सुबोधरावांनी खिशातून फोन काढला आणि फोटो दाखवायला लागले. उघडेबोडके डोंगर, भाजून निघालेली जमीन, औषधाला झाड नाही, आणि त्यातून काळा चष्मा लावून सुबोधराव पळताहेत. मागे कुणी लागलेलं नाही.

"लडाख," ते म्हणाले. "ट्रेल रनिंग. एका ठिकाणाहून सुटायचं, डोंगराला पूर्ण वळसा घालायचा आणि सुटलो तिथंच परत यायचं. असा लूप जगात दुसरीकडे नाही, वेणीमाधवराव."

"ह्यात काय आहे? हे तर आमच्या वळसंगच्या पुढं आहे," एक आवाज म्हणाला. "सोमलिंगाचा माळ. असाच मुरूम, असेच दगड, आणि ऊन तर तुमच्या लडाखला चारून उरेल एवढं. मी पळतो की तिथं."

हे कोण बोललं ते बघायला मी मागे वळलो. मागे फक्त कपाट होतं.

खरं सांगायचं तर सोमलिंगाचा माळ मी एकदा एसटीच्या खिडकीतून पाहिला होता, तोही पलीकडच्या सीटवरच्या बाईने पडदा सरकवला म्हणून. पण सुबोधरावांचे डोळे चमकले. "वा! मग एकदा बरोबर पळूया." आणि माझ्या जिभेला तर त्या दिवशी लगामच नव्हता. मी म्हणालो, "पळूया की. तुमचा वळसा आधी पुरा झाला तर लग्न पुण्यात. माझा झाला तर सोलापुरात. बोला!" सुबोधरावांनी माझ्या हातावर टाळी दिली. वैदेहीताई हसल्या. प्रभा पोह्यांची ताटली घेऊन दारात उभी होती. तिच्या नजरेचं वर्णन मी करत नाही. ज्यांची लग्नं झालीत त्यांना त्याची गरज नाही आणि ज्यांची व्हायचीत त्यांना आतापासून भीती कशाला?

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "लेकीचं लग्न पैजेवर लावलंत? आणि पैज तरी कसली, पळायची! समोरून एसटी निघाली तर 'जाऊ दे, दुसरी येईल' म्हणणारे तुम्ही!"

"सराव करीन," मी म्हणालो.

"करा. मला आता काही विचारू नका." आणि त्यानंतर तिने खरंच काही विचारलं नाही. ही शिक्षा बोलण्यापेक्षा वाईट असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पळायला बाहेर पडलो. आता आमच्या सोलापुरात पन्नाशी उलटलेला, पॅन्ट-शर्टातला माणूस पळताना दिसला की लोक एकच अर्थ काढतात. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने हातातलं माप खाली ठेवून विचारलं, "कोन गेलं काका?" पुढे एक बाई पदर सावरत दारात आली आणि "सिव्हिलला न्हेलंय का?" म्हणाली. मी हाताने नाही नाही करत पुढे गेलो, तर तिने त्याचा अर्थ 'आता काही उपयोग नाही' असा घेतला असावा, कारण ती मटकन खालीच बसली. एका स्कूटरवाल्याने तर मला गाठलं, जबरदस्तीने मागे बसवलं आणि "घाबरू नका, देव हाय," असं सांगत स्टेशनपर्यंत सोडलं. तिथून मी रिक्षाने घरी आलो. सरावाचा पहिला दिवस असा पार पडला.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या शेजारी शिवयोगी मास्तर राहतात, शाळेत पीटी शिकवायचे. शिट्टी अजून गळ्यात असते. ते म्हणाले, "पळणं पायानं नसतंय, पोटानं असतंय. रात्री कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. सकाळी पोट हलकं." मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. सकाळी पोट हलकं झालं, पण त्यासाठी मला वाटेतून दोनदा घरी पळत यावं लागलं. मास्तर म्हणाले, "बघा, वेग वाढला की नाही?"

वरच्या मजल्यावर अमृत राहतो. तो कम्प्युटरमध्ये आहे आणि व्यायामशाळेतही आहे. त्याने माझ्या बाटाच्या बुटांकडे पाहून "काका, काय चेष्टा करायलाव?" असं म्हटलं आणि मला ट्रेलचे बूट घ्यायला लावले. त्या बुटांचा रंग मी सांगणार नाही. प्रभाने ते पाहून मौन सोडलं आणि विचारलं, "हे दिव्याशिवाय पण दिसतात का?" मग अमृतने फोनवर सोमलिंगाचा माळ आकाशातून दाखवला. पिवळा माळ, मधे एकच वाटोळा डोंगर, पायथ्याला देऊळ. त्याने बोट फिरवून डोंगराभोवती निळी रेघ काढली. एका ठिकाणी झाडांचा पट्टा होता, तिथे पाऊलवाट मोडून गेलेली दिसत होती. "इथं वाट नाही रे," मी म्हणालो. "असेल की काका, झाडाखाली झाकली असेल. लोक काय उडून जातात का?" अमृत म्हणाला. मला ते पटलं.

मी ऑफिसात जन्म काढलेला माणूस. परवानगीवाचून कुठलं पाऊल टाकायचं नाही, ही माझी शिस्त. तो माळ सरकारी असणार म्हणून मी संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने मला तासभर उभं ठेवलं, म्हणजे मला बसायला सांगितलं होतं, पण ते मला जमत नाही हे वर सांगितलंच आहे.

"काय कारणासाठी जायचंय?"

"पळायला."

"कुणाच्या मागं?"

"कुणाच्या नाही. नुसतं. डोंगराला वळसा घालून यायचं."

त्याने पेन खाली ठेवलं. "साहेब, आमच्याकडं गुरं चारायला परवानगी आहे. गवत कापायला आहे. फोटो काढायला आहे. नुसतं पळायला नाही. असं करता का, गुरं चारायची घेता का? पळा मग गुरांच्या मागं."

"माझ्याकडं गुरं नाहीत."

"मग अवघड आहे," तो म्हणाला आणि खरोखर हळहळला. एवढ्यात त्याच्या साहेबांनी नकाशा बघून सांगितलं की तो डोंगर आपल्याकडे येतच नाही, ग्रामपंचायतीला विचारा. ग्रामपंचायत म्हणाली, ती देवस्थानाची जमीन, पुजाऱ्याला विचारा. पुजारी आण्णा देवळाच्या पायरीवर तंबाखू मळत बसले होते. मी घाम पुसत पहिल्यापासून सगळं सांगू लागलो. त्यांनी मला मधेच तोडलं. "अवो, देवाकडं यायला परवानगी कसली मागताव? पळत या न्हायतर गडगडत या. कोन अडवतंय?" एवढी सुंदर परवानगी मला हयातीत मिळाली नव्हती. त्या आनंदात, डोंगराला वळसा घालायचाय हे सांगायचं राहूनच गेलं.

ठरलेल्या रविवारी सकाळी आम्ही सोमलिंगाला पोचलो. सुबोधराव आणि वैदेहीताई आदल्या दिवशीच पुण्याहून येऊन लॉजवर उतरले होते. उर्वीचा सकाळीच फोन आला होता. "बाबा, हरलात तरी चालेल, पण पडू नका." मी म्हणालो, "मी कशाला पडतोय?" ती थोडी थांबली आणि म्हणाली, "आणि आईला काय वाटतं ते मला माहितीये. पण राजसच्या घरच्यांना मी सांगू कसं? मी मुलगी." फोन ठेवल्यावर मी घराला चार चकरा मारल्या.

सुबोधराव गाडीतून उतरले ते थेट फोटोतले. पाठीला पाण्याची पिशवी, तिची नळी तोंडापाशी. मनगटावर घड्याळ, दंडावर फोन, पोटरीला पट्टे. माझ्या खिशात रुमाल आणि मास्तरांनी दिलेली चिंचेची गोळी होती. देवळालगत एक मोठं घर होतं आणि त्याच्या कट्ट्यावर एक ठसठशीत म्हातारी बसली होती, कपाळभर भस्म, नाकात नथ. ती काशम्मा. आण्णा पुजारी असले तरी देवळात चालतं ते काशम्माचं, हे दोन मिनिटांत कळलं, कारण आण्णा घंटा वाजवायच्या आधी तिच्याकडे बघत होते. तिने प्रभाला हाक मारली. "बर्री, ये बाई, बस हितं. ह्या गड्यांना पळू दे कुटं जायाचं तितं." प्रभा जाऊन कट्ट्यावर बसली. वैदेहीताई ऊन नको म्हणून देवळात गेल्या.

"तीन म्हटलं की सुटायचं," सुबोधराव म्हणाले. मी 'दोन'लाच सुटलो.

पहिली शंभर पावलं मी पुढे होतो, हे इतिहासात नोंदवायला हरकत नाही. मग माझ्या शेजारून सपसप असा आवाज गेला आणि सुबोधराव पुढच्या तरवडाच्या झुडपांमागे दिसेनासे झाले. त्यानंतर मी आणि माळ.

फोटोत माळ फार छान दिसतो. प्रत्यक्षात त्याच्यावर पळायला लागलं की कळतं, फोटोत कुसळं दिसत नाहीत. वाळल्या गवताची कुसळं मोज्यातून आत शिरली आणि प्रत्येक पावलाला टोचू लागली. मुरमावर पाय घसरायचा. दगड असे बसलेले की पाय ठेवावा तर हलतात आणि ठेचाळावं तर हलत नाहीत. ऊन सकाळचंच, पण इथे सकाळ फार लवकर संपते. एक शेळ्यांचा कळप माझ्याबरोबर पळू लागला. त्या आनंदाने पळत होत्या, मधेच थांबून बोरीचा पाला खात होत्या आणि तरी मला गाठत होत्या. मोटारसायकलवरून जाणाऱ्या एकाने गाडी थांबवून विचारलं, "शेळ्या तुमच्या का, तुमी शेळ्यांचं?" मला उत्तर द्यायला दम नव्हता. त्याने ते वाईट वाटून घेतलं आणि निघून गेला.

अशा रीतीने पळत, मग चालत, मग चालण्यासारखं काहीतरी करत मी डोंगराच्या मागच्या अंगाला पोचलो. तिथे अमृतच्या फोनवरचा झाडांचा पट्टा होता. तो ओढा निघाला. करंजाची झाडं, खाली गार सावली, वरून डोंगरातून झिरपत येणारं बोटभर पाणी. वाट ओढ्यापर्यंत आली होती आणि तिथेच संपली होती. काठावर कुंकू लावलेला दगड होता, फोडलेल्या नारळांच्या करवंट्या होत्या, बेलाची पानं होती. पलीकडच्या चिखलात सुबोधरावांच्या बुटाचा ठसा स्पष्ट उमटला होता. ते केव्हाच पार गेले होते.

मी ओढ्यात उतरायला पाय उचलला आणि माझ्या उजव्या बुटाचा तळ जमिनीवरच राहिला. वरचा भाग माझ्याबरोबर आला. तोल गेला. मी त्या कुंकवाच्या दगडासमोर पालथा पडलो, नाक-कपाळ मातीत, दोन्ही हात पुढे.

पडल्या पडल्या मला पहिल्यांदा रडू आलं. आता खोटं कशाला सांगू? गुडघ्यामुळे आलं नाही. उर्वी जाणार हे ठरल्यापासून माझं घरात कुठेच मन लागत नव्हतं. तिच्या खोलीवरून जाताना मी पावलं भराभर टाकायचो. तेवढी एक गोष्ट, पोर आपल्या दारातून निघावी, प्रभाने मागितली होती. आयुष्यात तिने मागितलं तरी काय? आणि मी ती गोष्ट लांब पळणाऱ्या माणसाशी पैजेवर लावून बसलो होतो. एक बूट घालून पलीकडचा चढ मला चढणं शक्य नव्हतं. पुरा फेरा आता होत नव्हता. निदान पाय धरावेत व्याह्यांचे, म्हणावं मी हरलो, पण पोरीच्या आईसाठी ऐका. असा विचार करून मी उठलो आणि आल्या वाटेने लंगडत माघारी निघालो. शेळ्या अजून तिथेच होत्या. त्यांनी मला येऊ दिलं.

देवळाजवळ आलो तर गर्दी. गावातली दहा-बारा माणसं, मधे सुबोधराव. मी मनात म्हटलं, सत्कार चाललाय. हारही दिसत होता, पण तो काशम्माच्या हातात होता आणि ती तो हार सुबोधरावांच्या तोंडासमोर नाचवत होती.

"अय्यय्यो! येनप्पा हे! वडा वलांडून आलाव तुमी?"

"हो, मग काय? लूप पूर्ण केला," सुबोधराव घड्याळ दाखवत म्हणाले. "हे बघा ना, पूर्ण वर्तुळ."

गर्दीतून एकदम 'च्‌ च्‌ च्‌' असा आवाज झाला.

"पुरा? महादेवाला कुनी पुरा फेरा मारतंय व्हय? शिकल्याली मानसं न्हवं तुमी?"

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. महादेवाला अर्धी प्रदक्षिणा असते, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हाळीतून बाहेर जातं, ती ओलांडायची नाही. तिथपर्यंत जायचं आणि माघारी फिरायचं. दर सोमवारी मी हे पाळतो. पण हे देऊळ म्हणजे नुसता उंबरा, पिंडी म्हणजे सबंध डोंगर आणि ती पन्हाळ म्हणजे मागचा ओढा, हे अमृतच्या फोनला कळलं नव्हतं आणि मलाही नाही. म्हणूनच वाट ओढ्याशी संपत होती. पिढ्यान्‌पिढ्या इथून पलीकडे कुणी गेलंच नव्हतं.

"अहो आजी, मी प्रदक्षिणा नाही घातली," सुबोधराव कळवळून म्हणाले. "मी नुसता पळत होतो. ट्रेल रन."

"देवाला काय ठाव तुमचं रन? त्येनं पाय बगितलं."

एवढ्यात वैदेहीताई देवळातून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पांढऱ्या पडल्या होत्या. "तुम्ही महादेवाचं तीर्थ ओलांडलंत?"

"वैदेही, हे बघ, शास्त्रीयदृष्ट्या..."

"बुटानं?"

"अगं, अनवाणी कसं पळणार?"

"बुटानं!" वैदेहीताई पायरीवर बसल्या. "लग्न तोंडावर आलंय पोराचं. आणि हे महादेवाचं तीर्थ बुटानं ओलांडून आले. लडाखला काय ओलांडून आला असाल देव जाणे."

मी गर्दीत मागे उभा होतो, एका पायात बूट, दुसऱ्या पायात बुटाची आठवण. काशम्माची नजर माझ्यावर पडली. "आन्‌ ह्ये कुटनं आलं?"

"ओढ्यापासून माघारी आलो," मी मान खाली घालून म्हणालो. "पुढं जमलं नाही."

"पाया पडलाव?"

"पडलो," मी म्हणालो. त्यात तिळभर खोटं नव्हतं.

"बगा!" काशम्माने माझी हनुवटी धरून माझं मातीने माखलेलं कपाळ सगळ्या गावाला दाखवलं. "वड्यापतोर गेलं, लोटांगन घातलं, माघारी आलं. फेरा ह्याचा पुरा झाला. त्येंचा न्हाय."

आयुष्यात पहिल्यांदाच मी पळण्यात जिंकलो होतो, आणि तेही हरलो म्हणून. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हाताऱ्याने माझ्या पाया पडून घेतलं, तेवढंच. सुबोधराव "हे नियमात नव्हतं, हे नियमात नव्हतं" असं म्हणत राहिले. मला त्यांची दया आली, पण मी ती दाखवली नाही.

"आजी, आता ह्याला उपाय?" वैदेहीताईंनी हात जोडले.

"उपाय हाय की." काशम्मा कट्ट्यावर बसली. "आज तुमी जोडीनं वड्यापतोर जायाचं, बेल वाहायाचा, चुकलं म्हनायाचं, माघारी यायाचं. चालत. अनवानी. आन्‌ घरात फुडचं कार्य काय हाय?"

"मुलाचं लग्न."

"मंग लग्नाच्या दिशी नवरानवरीनं हितं यायाचं. अंगावरची हळद वली असताना. वड्यापतोर जोडीनं जाऊन माघारी. हळद वाळली तर उपेग न्हाय."

पुजारी आण्णांनी तंबाखू मळायची थांबवली. "काशम्मा, हळदीचं ह्ये... आमच्या वडलांच्यापसनं नारळ आन्‌ बेल, एवढंच हाय की. हळद कवा..."

"तुज्या बापाला कुनी शिकवलं? माज्या सासूनं. गप बस."

आण्णा पुन्हा तंबाखू मळू लागले.

सुबोधराव इंजिनिअर माणूस, त्यांनी लगेच फोन काढला. "पुण्याहून पहाटे निघालो, एसी फुल लावला, हळदीत जरा तेल जास्त घातलं तर..."

"ओली हळद लावलेली पोरं पाच तास गाडीत कोंबणार?" वैदेहीताई उठल्याच. "सीटची काळजी नाही वाटत? मी देवाच्या बाबतीत धोका पत्करणार नाही. लग्न सोलापुरात. प्रभाताई, इथलं कार्यालय तुम्ही बघा. आणि तुम्ही ते बूट काढा आधी!"

सुबोधरावांनी बूट काढले, पट्टे काढले, पाण्याची नळी तोंडातून काढली. काशम्माने बेलाचं तबक त्यांच्या हातात दिलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वेणीमाधवराव, दगड फार आहेत का हो?" मी म्हणालो, "लडाखपेक्षा थोडे कमी." ते हसले. मोठ्या मनाचा माणूस आहे. मग ते, वैदेहीताई आणि आण्णा अशी तिघं माळावर निघाली. कुसळं टोचली की सुबोधराव एक पाय वर उचलून थांबत होते आणि वैदेहीताई पुढे होऊन "चला, चला" म्हणत होत्या. शेळ्याही त्यांच्याबरोबर निघाल्या.

गर्दी पांगली. काशम्मा चहा टाकायला आत गेली. जाताना तिने प्रभाकडे पाहिलं, प्रभाने तिच्याकडे पाहिलं, आणि दोघी एकदम दुसरीकडे बघायला लागल्या. ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाला अशी नजर लगेच ओळखू येते.

"प्रभा," मी म्हणालो, "आम्ही पळत होतो तेव्हा तुझं आणि काशम्माचं काय बोलणं झालं?"

"काय होणार? तिनं विचारलं घरी काही कार्य आहे का. म्हटलं, लेकीचं लग्न आहे. म्हणाली, कुठं करणार? म्हटलं, देवाच्या मनात असेल तिथं."

"आणि हळद?"

प्रभाने पदराने माझ्या कपाळाची माती पुसली. गुडघ्याला लागलंय का बघितलं. त्या पदराला हळदीचा वास येत होता, पण तो रोजच येतो.

"व्याही केवढे पळाले," ती म्हणाली, "तुम्ही केवढे पळालात. मी आपली नुसती बसले होते."

आणि कट्ट्यावर थोडी सरकली. मी तिच्या शेजारी बसलो. चहा आला, निवला, दुसरा आला, सुबोधराव ओढ्याकडून परत येताना माळावर ठिपक्याएवढे दिसू लागले, तरी मी उठलो नाही.